स्वतःचा भद्रेश्वर

गोविंद बल्लाळ देवल यांच्या ‘शारदा’ नाटकांत (१८९९) वृद्ध भुजंगनाथाचें लग्न जमविण्याची खटपट भद्रेश्वर दीक्षित करतो. अशा मध्यस्थाचें बोलणें ऐकणारे शहाणे लोक मनांतल्या मनांत नेहमींच कांहीं वजावट करीत. स्तुति करणें हा त्याचा धंदाच, हें सर्वांस ठाऊक असे. त्याच्या रुपयाचे आठ आणे धरावयाचे, एवढेंच. आज इंटरनेटवर जोडीदार शोधणाऱ्यास हा मध्यस्थ लाभत नाहीं. त्याला स्वतःच स्वतःचा भद्रेश्वर व्हावें लागतें.

अमेरिकेंत १९९५ सालीं ‘मॅच डॉट कॉम’ आणि २०१२ सालीं ‘टिंडर’ सुरू झालें. अशा ठिकाणीं छायाचित्रासोबत जो चार ओळींचा आत्मपरिचय, म्हणजे ‘प्रोफाइल’, लिहावा लागतो, तो गद्याचा एक नवा प्रकारच होय. आणि वाङ्मयप्रकार म्हटला कीं त्याचें गुणदोषविवेचन ओघानेंच आलें.

यांतील पहिला आरोप असत्याचा. टोमा, हॅनकॉक आणि एलिसन या संशोधकांनीं २००८ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत न्यूयॉर्क येथील ८० जणांची उंची व वजन प्रत्यक्ष मोजलें, परवान्यावरून वय पडताळलें, आणि तें त्यांच्या आत्मपरिचयाशीं ताडून पाहिलें. शेंकडा ८१ जणांनीं निदान एका बाबतींत तरी सत्य सोडलें होतें. पुरुषांनीं उंची वाढविली, स्त्रियांनीं वजन घटविलें. परंतु लक्षांत घेण्याजोगी गोष्ट पुढेंच आहे: बहुतेक फरक अगदीं अल्प होते, समोर उभें राहिल्यावर सहसा डोळ्यांत न भरणारे. प्रत्यक्ष भेट व्हावयाची आहे ही जाणीव या लेखकांचा हात आंवरते. ज्याला भेटावयाचेंच नसतें त्या ठकास हा अंकुश नाहीं. म्हणून भेट टाळीत राहणारा आणि मध्येंच पैशाची अडचण सांगणारा मनुष्य वाचकानें वेळींच ओळखावा. तो या प्रकाराचा लेखक नव्हे, चोर होय.

दुसरा दोष याहून खोल आहे, व तो कोणत्याही काट्यावर मोजतां येत नाहीं. ‘प्रवासाची आवड’, ‘साधा स्वभाव’, ‘विनोदबुद्धि’ हीं वाक्यें खोटीं नाहींत आणि खरींही नाहींत. वाचकास काय रुचेल याचा अंदाज घेऊन तीं लिहिलेलीं असतात. परिणामीं शंभर लेखकांच्या लेखणींतून एकच माणूस बाहेर पडतो. एलिसन, हॅनकॉक व टोमा यांनीं २०१२ सालीं आत्मपरिचयास ‘वचन’ ही उपमा दिली. आज नसलों तरी उद्यां असा होईन, असा त्याचा भाव. ही बाजू सहानुभूतीनें विचारांत घेण्याजोगी आहे. पण जें वचन आहे हें ऐकणाऱ्यास कळतच नाहीं, त्याला वचन कसें म्हणावें?

शिवाय यांत अधिक हानि लिहिणाराचीच होते. रुकार आला तर तो कोणाला आला? त्या रंगविलेल्या गृहस्थाला. खरा मनुष्य निवडलाही गेला नाहीं आणि नाकारलाही गेला नाहीं; पुढें संसार मात्र त्यालाच करावयाचा आहे. आपल्याकडे विवाहविषयक संकेतस्थळांवर पुष्कळदां आईबापच मुलामुलींचा परिचय लिहितात. तेथें तर ज्याच्याविषयीं लिहिलें त्यालाच तो मजकूर परका वाटावा, अशी स्थिति होते.

यावर उपाय वाङ्मयांतलाच आहे: विशेषणें गाळावीं, तपशील ठेवावा. ‘कुटुंबवत्सल’ या शब्दानें कांहींच कळत नाहीं. ‘आजारी वडिलांमुळें गांव सोडतां येत नाहीं’ या वाक्यानें दहा वाचक निघून जातील. पण जो थांबेल, तो या माणसासाठीं थांबेल.