सेवास्तोपोलवरची पावलं

रिडली स्कॉटच्या ‘एलियन’ या १९७९ सालच्या चित्रपटावरचा पहिला व्हिडिओ गेम १९८२ साली अटारीच्या यंत्रासाठी निघाला. खरं तर तो पॅक-मॅनच होता. बोळांच्या जाळ्यात पळायचं, ठिपके गिळण्याऐवजी अंडी चिरडायची, आणि मागे लागलेली भुतं म्हणजे एलियन. चित्रपटातून उचललं होतं ते फक्त नाव. पुढच्या तीस वर्षांत या मालिकेवर पुष्कळ गेम आले. त्यांतल्या बहुतेकांची नजर होती ती जेम्स कॅमेरॉनच्या १९८६ सालच्या ‘एलियन्स’वर. त्यात सैनिक आहेत, बंदुका आहेत, झुंडीनं अंगावर येणारे शत्रू आहेत; गेमला लागणारं सगळं तिथे तयारच मिळतं. स्कॉटच्या चित्रपटात मात्र मालवाहू यानावरची सात माणसं, एक प्राणी आणि पुष्कळसं वाट पाहणं एवढंच आहे. आता वाट पाहण्याचा गेम कसा करायचा?

‘एलियन: आयसोलेशन’नं तो करून दाखवला, आणि चित्रपटावरून घडलेल्या गेमांत तो मला सगळ्यांत प्रिय आहे. ऑक्टोबर २०१४ मध्ये तो आला. घडवणारी संस्था इंग्लंडमधल्या हॉर्शमची क्रिएटिव्ह असेंब्ली. हजारो सैनिकांच्या फौजा उंचावरून हलवायच्या ‘टोटल वॉर’ मालिकेसाठी ती ओळखली जाते. त्याच लोकांनी इथे खेळणाऱ्याला जमिनीवर आणलं, एकटं केलं आणि समोर एकच शत्रू ठेवला. तो मरत नाही. कितीही गोळ्या घाला, मरत नाही.

कथा २१३७ सालची. चित्रपटातलं नोस्ट्रोमो हे यान नाहीसं होऊन पंधरा वर्षं लोटली आहेत. यानावरच्या एलन रिप्लीची मुलगी अमांडा आता इंजिनिअर झाली आहे. नोस्ट्रोमोची नोंदपेटी सेवास्तोपोल नावाच्या अंतराळस्थानकावर आल्याचं कळतं आणि आईचं काय झालं ते शोधायला ती तिथे पोचते. ‘एलियन्स’च्या विस्तारित आवृत्तीत या मुलीचा उल्लेख क्षणभर येतो, तोही ती म्हातारी होऊन वारल्याचं आईला कळतं तेव्हा. गेमकर्त्यांनी तेवढाच धागा धरला. शेवट ठाऊक असूनही मुलीचा शोध पोकळ वाटत नाही. उलट, आईनं तिच्यासाठी ठेवलेला निरोप अखेर तिच्या कानी पडतो, तेव्हा ही ओळखीची गोष्ट नव्यानं दुखते.

पण या गेमचं मोठेपण कथेत नाही, हातात आहे. अमांडाकडे हालचाल टिपणारं एक यंत्र असतं: हिरवट पडदा, त्यावर सरकणारा ठिपका आणि टिक-टिक. ते समोर धरलं की नजर त्याच्या पडद्यावर स्थिरावते आणि मागची खोली धूसर होते. खोलीकडे पाहावं तर पडदा धूसर. म्हणजे तो प्राणी कुठे आहे हे जाणून घ्यायचं असेल, तर समोर काय आहे हे पाहणं सोडावं लागतं. शिवाय तो जवळ असला तर ती टिक-टिक त्यालाही ऐकू जाते. चित्रपटातलं यंत्र जसंच्या तसं आणणं सोपं होतं. त्या यंत्राकडे डोळे लावून बसलेल्या माणसाची कोंडी खेळणाऱ्याच्या बोटांत उतरवणं कठीण होतं, आणि ते इथे साधलं आहे.

या प्राण्याची बुद्धीही दोन थरांत बांधलेली आहे. वरच्या थराला खेळणारा कुठे आहे हे सतत ठाऊक असतं, पण तो प्राण्याला ठिकाण सांगत नाही. फक्त त्या बाजूला वळवतो. पुढचं प्राण्यानं स्वतःच्या डोळ्या-कानांनी शोधायचं. लपंडावात राज्य आलेल्या मुलाला बाजूला उभा असलेला कुणी ‘गरम... थंड’ एवढंच सांगतो, तसं हे आहे. म्हणून तो कधी सर्वज्ञ वाटत नाही आणि कधी दूरही जात नाही. आपण सारखे कपाटांत लपायला लागलो, तर तो कपाटं हुंगायला लागतो. आगीचा झोत टाकून त्याला पळवता येतं, पण हळूहळू तो आगीलाही सरावतो. पाठ केलेली वाट इथे कामाला येत नाही. प्रत्येक वेळी कान देऊन ऐकावं लागतं. काही यंत्रांवर तर मायक्रोफोन चालू ठेवायची सोय आहे. मग आपल्या स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली, तरी सेवास्तोपोलवर त्याला सुगावा लागू शकतो.

सुटकेची सोयही सुखाची नाही. प्रगती जपून ठेवायची तर भिंतीवरच्या फोनसारख्या दिसणाऱ्या यंत्रात कार्ड घालायचं आणि तीन दिवे एकामागून एक लागेपर्यंत उभं राहायचं. तेवढ्या वेळात जग थांबत नाही. इतर गेमांत क्षणात उरकणारं हे काम इथे सगळ्यांत जास्त धडधड वाढवतं. कामांचंही तेच. अमांडा दार उघडते ते कळ ओढून, खटके फिरवून, पत्रा वितळवून, आणि ते सगळं आपल्याच हातांनी करावं लागतं. स्कॉटचा चित्रपट पगार-बोनसवरून कुरकुरणाऱ्या कामगारांचा होता, हे या गेमइतकं कुणाच्याच लक्षात राहिलं नव्हतं. फॉक्स कंपनीनं मूळ चित्रीकरणाची रेखाटनं, छायाचित्रं, आवाज असं प्रचंड साहित्य गेमकर्त्यांना खुलं केलं होतं. पडद्यावरच्या चित्रांना जुनी थरथर यावी म्हणून ती व्हीएचएस टेपवर उतरवून परत घेण्यापर्यंत त्यांनी कष्ट घेतले. १९७९ सालानं कल्पिलेलं भविष्य त्यांनी तसंच ठेवलं: जाड बटणं, हिरवी अक्षरं, खरखरणारे पडदे.

नावडत्या गेमची पाळी आली की सगळे अटारीच्या ‘ई. टी.’कडे बोट दाखवतात. मला ते पटत नाही. हॉवर्ड स्कॉट वॉरशॉनं तो १९८२ साली अवघ्या पाच आठवड्यांत रचला. त्यात खड्डे फार आहेत, पण घरी फोन लावण्यासाठी तुकडे जमवणारा एकटा जीव, हे चित्रपटाचं मर्म त्यानं ओळखलं होतं. माझा राग आहे तो फेब्रुवारी २०१३ मध्ये आलेल्या ‘एलियन्स: कलोनिअल मरीन्स’वर. आधी दाखवलेले नमुने देखणे होते. हाती आला तो गेम त्यांच्या जवळपासही नव्हता, आणि त्यावरून अमेरिकेत खटलाही झाला. यात एलियन सरळ अंगावर धावत येतात, कधी भिंतीशी अडखळतात, आणि आपण गोळ्या झाडत राहतो. पुढे एका हौशी जाणकारानं गेमच्या फाइलमध्ये एक चूक शोधली. एका शब्दात अक्षर जास्त पडल्यानं एलियनच्या वागण्याची आज्ञाच लागू होत नव्हती. २०१८ साली ही बातमी सगळीकडे पसरली. अक्षर खोडल्यावर त्यांचं वागणं सुधारलं, हे खरं. तरी तो गेम मला आवडला नाही, कारण भय कशानं वाटतं याचा विचार तिथे मुळातच झालेला नव्हता. हातात भरलेली बंदूक आणि सोबत पलटण असताना कुणाची भीती वाटणार?

‘आयसोलेशन’मध्येही उणिवा आहेत. तो लांबला आहे. उत्तरार्धात भावहीन चेहऱ्याचे यांत्रिक नोकर उलटतात तो भाग फार चांगला आहे, पण त्यापुढे तीच कामं, तेच वीजपुरवठे परत-परत येतात आणि भीती थकते. तीन-चार तास कापले असते, तर काहीही हरवलं नसतं.

ऑक्टोबर २०२४ मध्ये, गेमला दहा वर्षं झाली त्या दिवशी, त्याचा सर्जनशील दिग्दर्शक अल होप यानं पुढच्या भागावर काम सुरू झाल्याचं जाहीर केलं. हालचाल टिपणारं ते यंत्र आणि ती धूसर खोली राहू द्यावी, आणि शस्त्रं याहून वाढवू नयेत, एवढीच माझी अपेक्षा आहे.