यंत्राचे भाषांतर आणि ‘आम्ही’

हिंडलग्यासारख्या सीमाभागातील गावी कन्नड कागद मराठी वाचकाच्या हाती नित्य पडतो. २०२२ साली केंद्र सरकारने ‘भाषिणी’ हा उपक्रम आरंभिल्यापासून असा कागद यंत्राकडून उतरवून घेणे अधिक सुलभ झाले. हा लाभ आम्ही नाकारीत नाही. कन्नडात ‘अनुमान’ म्हणजे संशय, मराठीत तर्क. असली चूक कोश सुधारील. परंतु कन्नडातील ‘नावु’ या एका सर्वनामास मराठीत दोन प्रतिशब्द आहेत: ऐकणाऱ्यास वगळणारा ‘आम्ही’ व त्यास सामावून घेणारा ‘आपण’. सीमाभागात ही निवड केवळ व्याकरणाची नव्हे. शेजारी आपल्यात की बाहेर, हे तीत ठरते. यंत्र मागल्यापुढल्या वाक्यांवरून अंदाज बांधते. अंदाजाचे उत्तरदायित्व मात्र घेत नाही.

मूळच्या बेळगावच्या उमा कुलकर्णी पतीच्या आवाजातील कन्नड वाचन ऐकून अनुवाद करीत आल्या. त्यांच्या ‘वंशवृक्ष’च्या अनुवादास १९८९ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. अनुवादाचा आरंभ कानात होतो, याचे हे प्रमाण होय.

व्यावसायिक संस्था आता यंत्राचा मसुदा पुढे ठेवून अनुवादकाकडे केवळ दुरुस्ती मागू लागल्या आहेत. मसुदा यंत्राने खुशाल करावा. अंतिम शब्दाचा अधिकार, श्रेय व योग्य मोबदला अनुवादकाचाच असावा, असे आमचे मत आहे.