बापाचा स्टुडिओ, मुलाची खोली

आर. स्टीव्ही मूर या अमेरिकन गीतकार-गायकाविषयीचे लेखन बहुधा एका आकड्याने सुरू होते: 400 हून अधिक अल्बम, बहुतेक घरीच ध्वनिमुद्रित केलेले. माझ्या मते हा आकडाच त्याच्या गाण्यांच्या आड येतो. आणि त्यातून उभी राहणारी कोंडून घेतलेल्या, दुर्दैवी, विक्षिप्त प्रतिभावंताची प्रतिमा तर मला मुळीच पटत नाही.

मूरचा जन्म 1952 चा, नॅशव्हिलचा. वडील बॉब मूर हे तिथले अत्यंत मागणी असलेले बासवादक; एल्व्हिस प्रेस्ली, रॉय ऑर्बिसन यांच्या ध्वनिमुद्रिकांत त्यांचा बास आहे. स्टुडिओचा रिवाज ठरलेला: तीन तासांचे सत्र, तेवढ्यात तीन-चार गाणी, गाणे एकाचे, वादन दुसऱ्यांचे, निवड तिसऱ्याची. सातव्या वर्षी मुलानेही जिम रीव्ह्जसोबत एक द्वंद्वगीत मुद्रित केले होते. थोडक्यात, ते दार त्याला बंद नव्हते.

घरी त्याने ही श्रमविभागणीच मोडली. ड्रम, गिटार, बास, आवाज, सगळे एकट्याचे. एका टेपवर वाजवलेले ऐकत त्यासोबत नवे वाजवायचे, दोन्ही मिळून दुसऱ्या यंत्रावर उतरवायचे, मग पुन्हा तेच. अशा मुद्रणात प्रत्येक फेरीला फितीची खरखर वाढते आणि खालचा थर नंतर दुरुस्त करता येत नाही. चुकीसकट पुढे जावे लागते. बीटल्सच्या वळणाची त्याची गोड चाल या खरखरीतून येते तेव्हा ती कुणी शेजारच्या खोलीत रचत असल्यासारखी वाटते.

1976 साली नात्यातल्या हॅरी पामर यांच्या पुढाकाराने ‘फोनोग्राफी’ निघाली. प्रती अवघ्या 100. गाण्यांच्या मध्ये गप्पा, रेडिओची नक्कल. तरीही तबकडीच्या दोन बाजूंत मावेल तेवढेच. ती मला त्याची सर्वांत भरीव कृती वाटते. 1978 मध्ये तो न्यू जर्सीला गेला आणि पुढे कॅसेट क्लब काढून टपालाने स्वतःच कॅसेटी पाठवू लागला. सायक्लोस्टाइलवर काढलेली आपली अनियतकालिके ज्यांनी हाताळली आहेत, त्यांना या उद्योगातली ऐट समजेल. पण कॅसेटीत काहीही मावते: तालीम, थट्टा, अर्धे गाणे. चाहते त्याला संपूर्ण रोजनिशी म्हणतात. मला तिथे दुसऱ्या कानाची उणीव जाणवते. कुठल्याही संस्थेच्या आधाराविना काम करणाऱ्या माझ्यासारख्याला हे लिहिणे जड जाते, कारण टिपणांच्या गठ्ठ्यातून काय काढून टाकावे हे सांगणारे मलाही कुणी नाही.

एरियल पिंकसारख्या तरुण गायकाने त्याचे ऋण उघडपणे सांगितल्यावर नवे श्रोते आले. 2011 मध्ये, एकोणसाठाव्या वर्षी, मूर साथीदारांसह मोठ्या दौऱ्यावर निघाला. साथीदारांना 400 अल्बम शिकवता येत नाहीत. गाणी निवडावी लागली.