‘शेतकऱ्याचा असूड’, मालदांडी व सोनाका

जोतीराव फुले यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ हा ग्रंथ सन १८८३ चा. त्याचे पांच भाग असून आरंभींचे भाग ‘दीनबंधु’ पत्रांत छापले गेले. या ग्रंथाची चर्चा बहुधा सामाजिक व राजकीय अंगानेंच होते. शेती सुधारण्याचे जे उपाय त्यांत सांगितले आहेत, त्यांची पारख एखाद्या प्रत्यक्ष प्रदेशावर करून पाहणें अवश्य आहे. प्रस्तुत टिपणांत ती बार्शी तालुक्यांतील वैराग व त्याच्या आसपासचा मुलूख घेऊन केली आहे.

बांधबंदिस्ती, तळीं-तलाव, विहिरींच्या पाण्याचा शोध, चांगल्या जनावरांची पैदास, वार्षिक प्रदर्शनें, औत हाकण्याच्या परीक्षा व त्यांस बक्षिसें, असे उपाय ग्रंथकार सुचवितात. यांपैकीं शेवटचे दोन विशेष मर्माचे आहेत. शेतकऱ्याला ऐकीव उपदेशापेक्षां डोळ्यांनीं पाहिलेलें पीक अधिक पटतें, हें त्यांनीं नेमकें हेरलें होतें. सन १९२८ च्या शाही कृषि आयोगानेंही सरकारी मळ्यापेक्षां शेतकऱ्याच्या स्वतःच्या रानांत केलेल्या प्रात्यक्षिकासच अधिक महत्त्व दिलें. फुल्यांची दृष्टि त्यापूर्वीं ४५ वर्षें तेथवर पोंचली होती.

तथापि या योजनेंत एक उणीव दिसते. तींत सरकार देणारें व शेतकरी घेणारा, असा एकाच दिशेचा प्रवाह कल्पिला आहे. सोलापूरच्या भूमीवरील पुरावा याहून निराळा आहे.

पहिला पुरावा मालदांडीचा. काळ्या जमिनींत मुरलेल्या ओलीवर येणारी ही शाळू या मुलखांतील शेतकऱ्यांनीं पिढ्यान्‌पिढ्या राखिली. दाणा टपोरा, भाकर गोड व कडबा भरपूर, या त्यांच्या कसोट्या. मोहोळ येथील केंद्रांत या स्थानिक वाणांतून निवड करून ‘मालदांडी ३५-१’ सिद्ध झाला. म्हणजे बीं आधीं शेतकऱ्याकडून केंद्रांत गेलें व क्रमांक घेऊन परत आलें. दप्तरांत क्रमांकाची नोंद राहते. बीं राखणाऱ्यांचीं नांवें राहत नाहींत.

दुसरा पुरावा द्राक्षाचा. सोलापुराहून वैरागमार्गें बार्शीस जाणाऱ्या रस्त्यावर नान्नज हें गांव लागतें. तेथील बागाईतदार नानासाहेब काळे यांनीं थॉम्सन सीडलेसच्या बागेंतील निराळ्या लक्षणांची वेल हेरून ‘सोनाका’ हा लांबट मण्यांचा वाण काढिला. ‘शरद सीडलेस’ हा काळ्या द्राक्षाचा वाणही त्यांचाच. द्राक्षाचा वाण काडीनें वा डोळा भरून वाढतो. म्हणून मूळ वेलीपासून आजच्या बागेपर्यंत हातोहात आलेली अखंड परंपरा असते. पोथीच्या नकलांची वंशावळ लावणाऱ्यांस हें सहज समजेल. काडीबरोबर एप्रिलची खरड छाटणी व ऑक्टोबरची फळछाटणी यांचें ज्ञानही बांधावरून बांधावर गेलें. सन १९६० मध्यें स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागाईतदार संघानें या देवघेवीस संघटित रूप दिलें.

मग फुले चुकले काय? तसें म्हणतां येत नाहीं. शेजाऱ्याची बाग पाहण्यास पैसा लागत नाहीं. परंतु तशी लावण्यास मांडव, पाणी व पहिलें पीक येईपर्यंत तग धरण्याचें बळ लागतें. शाळूचें पसाभर बीं उसनें मिळतें, द्राक्षाची बाग उसनी मिळत नाहीं. कर्जांत बुडालेल्या कुणब्यास पाणी व आधार सरकारानेंच दिला पाहिजे, हा ‘असुडा’चा आग्रह येथें पूर्णपणें खरा ठरतो. ज्ञान शेजाऱ्याकडून येतें, तें अंमलांत आणण्याची ऐपत शेजारी देऊं शकत नाहीं. हा भेद ग्रंथांत स्पष्ट झालेला नाहीं, एवढाच आमचा आक्षेप.

संग्राहकांस एक विनंति. सनदा व महजर आपण जपतों. परंतु छाटणीच्या वह्या, बियाण्याच्या उसनवारीचे कागद व जुन्या बाजारपट्ट्या रद्दींत जातात. ज्यास हे मिळतील त्यानें ते राखावे, आणि प्रत्येक वाणापुढें तो कोणाच्या रानांतून आला तें विचारून टिपून ठेवावें.