कंस करा, पुसू नका : सरकारी डिजिटल नोंदींकडे संशोधकाने कसं पाहावं

संशोधनाची तयारी करताना आपला बराचसा वेळ 'डेटा कुठे मिळेल?' या प्रश्नात जातो. फाइल मिळाली की सुटलो, असं वाटतं. पण सरकारी डेटा वापरणार असाल तर त्याआधी आणखी एक प्रश्न विचारायला हवा, आणि तो आपल्याला सहसा कुणी शिकवत नाही. समोर आहे ती नोंद आहे, की नुसती माहिती?

फरक सोपा आहे. माहिती म्हणजे आकडा. नोंद म्हणजे त्या आकड्याबरोबर त्याचा इतिहासही : कुणी लिहिला, कधी लिहिला, कशाच्या आधारे लिहिला, आधी तिथे काय होतं आणि ते का बदललं. पहिल्या प्रकारावर तुम्ही आलेख काढू शकता. तोंडी परीक्षेत 'हा आकडा कुठून आला?' असं विचारलं तर टिकतो मात्र दुसरा प्रकार.

माझं म्हणणं असं आहे की आपल्या सरकारी कार्यालयांनी गेल्या दोन-तीन दशकांत माहिती मोठ्या प्रमाणावर संगणकावर आणली, पण नोंद ठेवण्याची शिस्त तिच्याबरोबर पूर्णपणे आली नाही. आणि ही शिस्त बाहेरून आणायचीही गरज नाही. ती आपल्याकडे तलाठ्याच्या दप्तरात कधीचीच आहे.

सातबाऱ्यातला कंस

हस्तलिखित सातबारा पाहिला असेल तर आठवून बघा. जमीन विकली गेली किंवा वारस लागले की आधी गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, नोंद होते. संबंधितांना नोटीस जाते. हरकत घ्यायला मुदत मिळते. मग मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतो आणि त्यानंतरच सातबाऱ्यावर बदल होतो. हा बदल करताना जुनं नाव पुसत नाहीत. त्याला कंस करतात, खाली नवीन नाव लिहितात आणि शेजारी फेरफाराचा क्रमांक टाकतात.

तुमच्यापैकी जे थोडंफार प्रोग्रॅमिंग करतात ते लगेच ओळखतील : हे तर व्हर्जन कंट्रोल आहे! प्रत्येक बदलाला क्रमांक, प्रत्येक बदलामागे कारण, बदल करणारा एक आणि तपासणारा दुसरा, आणि जुनी स्थिती वाचता येईल अशी शाबूत. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५० मध्ये ही फेरफाराची पद्धत आहे, आणि कलम १५७ म्हणतं की अशी नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानायची. हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी पद्धत काटेकोर केली, मग तिच्यातून आलेल्या नोंदीला खरेपणाचा मान दिला.

सातबारा संगणकावर आणताना अर्थातच चुका झाल्या. हाताने लिहिलेलं टाइप करताना नाव, क्षेत्र, हिस्सा यांत फरक पडले. पण इथे एक गोष्ट बरोबर केली गेली. 'टाइप झालं म्हणजे बरोबर' असं धरलं नाही. २०१७ मध्ये गावोगाव चावडी वाचन घेतलं, म्हणजे संगणकावरचा सातबारा गावकऱ्यांसमोर वाचून हस्तलिखिताशी पडताळायचा. लेखनप्रमाद दुरुस्त करायला कलम १५५ आहे, आणि त्या दुरुस्तीलाही आदेश लागतो. म्हणजे चूक सुधारली तरी चूक होती याची नोंद राहते. २०२० मध्ये सातबाऱ्याचा नमुना बदलला तेव्हा कंसातल्या नावांवर आडवी रेघही आली, पण रेघेखालचं नाव अजून वाचता येतं.

आणखी एक शिकण्यासारखी गोष्ट. सातबारा ऑनलाइन फुकट पाहता येतो, पण तो फक्त माहितीसाठी असतो. कायदेशीर कामासाठी १५ रुपये भरून डिजिटल स्वाक्षरीचा उतारा घ्यावा लागतो आणि त्यावरच्या क्रमांकाने त्याची खातरजमा करता येते. 'पाहायची प्रत' आणि 'पुरावा म्हणून प्रत' हा फरक इथे यंत्रणेनेच स्वच्छ करून ठेवला आहे. इतर किती सरकारी संकेतस्थळांवर असा फरक दिसतो, हे एकदा तपासून बघा.

शासन निर्णय : मागचं दिसतं, पुढचं नाही

आता दुसरं उदाहरण घेऊ. धोरणावर काम करणाऱ्यांना शासन निर्णय, म्हणजे जीआर, वाचावेच लागतात. जीआरचा आराखडा मला मनापासून आवडतो. वर 'वाचा' असतं आणि त्याखाली आधीच्या निर्णयांची यादी तारखांसकट. मग प्रस्तावना, मग प्रत्यक्ष निर्णय. शेवटी संकेतांक, ज्याच्या सुरुवातीच्या आकड्यांतच वर्ष, महिना, दिवस वाचता येतो. जोडीला डिजिटल स्वाक्षरी. शोधनिबंधाची संदर्भसूची आणि जीआरचं 'वाचा' ही सख्खी भावंडंच म्हणायची.

अडचण कुठे आहे? 'वाचा' फक्त मागे बोट दाखवतं. २०१८ चा निर्णय तुम्हाला २०१२ च्या निर्णयाकडे नेईल. पण तुमच्या हाती २०१२ ची पीडीएफ आली, तर तो निर्णय पुढे अधिक्रमित झाला की अजून लागू आहे, हे ती पीडीएफ सांगू शकत नाही. ती त्या दिवशी गोठलेली आहे, आणि गोठलेलीच असायला हवी. तिच्यात हात घालू नये. पण ती ज्या पानावर ठेवली आहे त्या पानावर एक ओळ लिहिता येते : 'हा निर्णय अमुक संकेतांकाच्या निर्णयाने अधिक्रमित'. कागद जसाच्या तसा आणि बाहेर कंस. तलाठी सातबाऱ्यावर जे करतो, तेच.

यात पणाला काय लागतं? रद्द झालेल्या निकषांवर एखाद्या विद्यार्थ्याचं आख्खं प्रकरण उभं राहू शकतं. त्याहून वाईट म्हणजे एखाद्या लाभार्थ्याचा अर्ज खिडकीवर जुन्या निकषाने परत जाऊ शकतो, आणि कुठला निकष लागू होता हे सिद्ध करायची जबाबदारी त्याच्यावरच पडते.

फाइल उघडली म्हणजे वाचता आली असं नाही

कार्यालयांत अजूनही एक वाट रुळलेली आहे. संगणकावर टाइप करायचं, प्रिंट काढायची, सही-शिक्का करायचा आणि स्कॅन करून चढवायचं. दिसायला सगळं डिजिटल, पण आता ते अक्षरांचं चित्र झालं. त्यात शोध घेता येत नाही, त्यातलं कोष्टक उचलता येत नाही. शिवाय आपल्या भाषेचा स्वतःचा एक प्रश्न आहे. युनिकोड रुळायच्या आधीचे कितीतरी मजकूर जुन्या फॉन्टांत आहेत. तो फॉन्ट नसला की पडद्यावर इंग्रजी अक्षरं-चिन्हांची खिचडी दिसते. मजकूर नष्ट झालेला नसतो, त्याची किल्ली हरवलेली असते.

फाइलचा प्रकार ही क्षुल्लक बाब वाटत असेल तर इंग्लंडमधला एक प्रसंग पाहा. २०२० मध्ये तिथल्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेच्या रोजच्या आकडेवारीतून १५,८४१ कोविड रुग्ण सुटले. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातले हे रुग्ण. कारण काय, तर माहिती एक्सेलच्या जुन्या एक्सएलएस प्रकारात भरली जात होती, ज्यात एका पानावर ६५,५३६ च ओळी मावतात. त्यापुढच्या ओळी गळल्या. रुग्णांना त्यांचे अहवाल मिळाले होते, पण त्यांच्या संपर्कातल्या लोकांचा शोध लांबला. चूक कुणीही करू शकतं. इथे खरा दोष हा, की ओळी गळताना कुठेच खूण उरली नाही. जिथे कंस असतो तिथे गळती दिसते.

नावं बदलतात, हद्दी बदलतात

हा मुद्दा विशेषतः आकडेवारीवर काम करणाऱ्यांसाठी. २०११ च्या जनगणनेत ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या १ कोटी १० लाखांहून जास्त आहे. १ ऑगस्ट २०१४ ला त्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. आता कुणी दोन्ही बाजूंचे आकडे एका रांगेत मांडले, तर ठाण्यात २०१४ नंतर शाळा, विहिरी, दवाखाने सगळंच एकदम कमी झालेलं दिसेल! प्रत्यक्षात काहीच कमी झालेलं नाही, फक्त रेघ सरकली. नावांचंही तसंच. उस्मानाबादचं धाराशिव झालं. दोन फायलींत दोन नावं असली की संगणकासाठी ते दोन जिल्हे.

चांगल्या नोंदीत यावर उपाय दोन ओळींचा आहे : आकडा कुठल्या तारखेच्या हद्दीप्रमाणे आहे ते लिहा, आणि नाव बदललं तरी संकेत क्रमांक कायम ठेवा. जुनं नाव कंसात राहू द्या.

कायदा कमी पडतो का?

मुळीच नाही. केंद्राचा सार्वजनिक अभिलेख अधिनियम १९९३ चा आहे, आणि त्याच्या व्याख्येत संगणकातून तयार झालेली सामग्रीही येते. म्हणजे घरोघरी इंटरनेट यायच्या आधीच कायद्याने संगणकातल्या मजकुराला अभिलेख मानलं होतं. महाराष्ट्राचा असा कायदा २००५ चा आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० चं कलम ७ सांगतं की इलेक्ट्रॉनिक नोंद पुढे वापरता येईल अशी ठेवा, मूळ स्वरूपात किंवा मुळाशी तंतोतंत जुळेल अशा स्वरूपात ठेवा, आणि ती कुठून आली, कुठे गेली, कधी, हे कळेल असं ठेवा. माहिती अधिकाराच्या कलम ४ मध्ये सूची आणि अनुक्रमणिकेसह अभिलेख ठेवायला सांगितलं आहे.

यावर कार्यालयाची बाजूही ऐकायला हवी. 'माणसं कमी, कामं ढीगभर, त्यात तुमचा इतिहास कोण सांभाळणार?' हा आक्षेप खोटा नाही. पण नोंद नीट ठेवण्याचा भार कर्मचाऱ्याच्या सद्‌गुणावर टाकायचाच नसतो, तो यंत्रणेच्या रचनेत घालायचा असतो. ई-ऑफिसमध्ये हे केलेलं आहे. पिवळी टिपणी म्हणजे मसुदा, हवी तेवढी बदला. एकदा ती हिरवी झाली की बदलता येत नाही. म्हणणं बदललं तर पुढची टिपणी लिहायची. यात कुणाचं काम वाढलं नाही. हीच रचना लोकांसमोर ठेवायच्या आकडेवारीत का नाही, असा माझा प्रश्न आहे. २१ जून २०१२ ला मंत्रालयाला आग लागून नस्त्या जळाल्या, ते साऱ्या राज्याने पाहिलं. जुन्या आकड्यावर नवा आकडा चढवला जातो तेव्हा धूर निघत नाही, एवढाच फरक.

तुम्ही काय करायचं

यंत्रणा सुधारेल तेव्हा सुधारेल. तोवर कंस आपणच करायचा.

एक. सरकारी फाइल उतरवली की मूळ प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि तिला हात लावू नका. साफसफाई नेहमी दुसऱ्या प्रतीवर.

दोन. फाइलच्या नावातच उतरवल्याची तारीख घाला. शेजारी साध्या टेक्स्ट फाइलमध्ये पानाचा पत्ता, जीआर असेल तर संकेतांक, आणि फाइलचा हॅश लिहून ठेवा. सहा महिन्यांनी तीच फाइल पुन्हा उतरवा आणि हॅश जुळतो का बघा. जुळला नाही, तर काय बदललं ते शोधा. कधीकधी तोच तुमचा खरा शोध असतो.

तीन. जीआर हाती आला की 'वाचा'मधून मागे जा, आणि त्याचा क्रमांक शोधून पुढेही जा. अधिक्रमित झालेला नाही याची खात्री पटल्याशिवाय वर्तमानकाळात त्याबद्दल लिहू नका.

चार. माहिती अधिकारात अर्ज करताना 'माहिती द्यावी' एवढ्यावर थांबू नका. संगणकात साठवलेली माहिती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात मागायचा हक्क कलम २(ञ) मध्ये आहे, आणि मागितलेल्या स्वरूपातच ती सहसा द्यावी असं कलम ७(९) म्हणतं. म्हणून प्रिंटऐवजी मूळ एक्सेल फाइल मागा. आणि 'अमुक तारखेला होती तशी' हे शब्द अर्जात जरूर घाला.

या चौथ्या मुद्द्यावर जे उत्तर येईल ते जपून ठेवा. 'त्या तारखेची स्थिती उपलब्ध नाही' असं आलं, तर तेही तुमच्या प्रबंधात तारखेसकट लिहा. नोंद नसल्याची नोंदसुद्धा कुणीतरी करायला हवी, आणि पुढच्या संशोधकाला ती तुमच्याकडूनच मिळणार आहे.