'कर्मिट'च्या आज्ञा : आज्ञार्थ की स्वार्थ?

दोन संगणक तारेने जोडून एकाकडील मजकूर दुसऱ्याकडे बिनचूक पोचविणे, एवढाच 'कर्मिट' या संकेतव्यवस्थेचा हेतू. १९८१ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात ती निर्माण झाली; विद्यार्थ्यांच्या फाइली मोठ्या संगणकावरून फ्लॉपीवर उतरवून घेण्याची निकड तिच्या मुळाशी होती. (नाव मात्र दूरचित्रवाणीवरील एका बाहुली-बेडकाचे!) फ्रँक डा क्रूझ यांनी १९८७ च्या ग्रंथात तिचे जे विवरण केले आहे, ते भाषाभ्यासकानेही वाचावे अशा योग्यतेचे आहे. तथापि या व्यवस्थेच्या आज्ञांची भाषा वापरणाऱ्याची दिशाभूल करते, असे म्हणणे प्राप्त आहे.

जोडणी करताना 'सेट लाइन', 'सेट स्पीड', 'सेट डुप्लेक्स', 'सेट पॅरिटी' अशा आज्ञा द्याव्या लागतात. व्याकरणदृष्ट्या साऱ्या आज्ञार्थी. परंतु त्यांतील 'सेट लाइन' हीच खरी आज्ञा. तिच्यामुळे सांगितलेले द्वार उघडते. 'सेट स्पीड ९६००' म्हटल्याने आपल्या बाजूचा वेग तेवढा ठरतो. पलीकडचा संगणक १२०० वर असेल तर तो तेथेच राहतो, आणि पडद्यावर निरर्थक अक्षरे उमटतात. 'सेट डुप्लेक्स हाफ' ही आज्ञा तर दूरच्या संगणकात काहीच बदलत नाही; तो पाठविलेली अक्षरे परत दाखवीत नाही, एवढी वस्तुस्थिती ती सांगते. रूप आज्ञार्थाचे, आशय स्वार्थाचा.

पॅरिटीच्या बाबतीत ही गफलत महागात पडते. अनेक तारांवर अक्षरासाठी सातच बिट मिळत. आठवा पडताळणीसाठी खर्ची पडे. आता १९९१ च्या भारतीय प्रमाणसंकेतात, म्हणजे 'इस्की'मध्ये, 'क'चा क्रमांक १७९ आहे. आठवा बिट गळला की ५१ उरतात, आणि ५१ हा '३' या अंकाचा क्रमांक. अशा तारेवरून जसाच्या तसा पाठविलेला 'कखग' पलीकडे '३४५' होऊन पोचतो! पॅरिटीची माहिती दिलेली असेल तर कर्मिट 'क'ऐवजी '&३' पाठविते, आणि घेणारा त्यावरून 'क' पुन्हा सिद्ध करतो. मजकुरातच '&' आले तर त्यापूर्वी '#' लागते. हलन्ताप्रमाणेच '&' स्वतः वाचले जात नाही, शेजारच्या अक्षराचे वाचन पालटते; हलन्त मागच्या अक्षराचे, हे पुढच्याचे.

एवढी सूक्ष्म योजना सिद्ध असूनही, तार कशी आहे हे कोणी सांगितलेच नाही तर ती निरुपयोगी ठरते. 'सेट' हा शब्द वाचणाऱ्यास मात्र आपल्या इच्छेप्रमाणे काही ठरवावयाचे आहे असे वाटते. अगोदर चौकशी करावयाची आहे, हे त्यातून सूचित होत नाही. पुढील काही आवृत्त्या आलेल्या मजकुरावरून पॅरिटी आपणहून ओळखू लागल्या. ही गोष्ट हुकमाची नसून ज्ञानाची आहे, याची ती एक प्रकारे कबुलीच होय. वस्तुस्थिती कळविण्यासाठी निराळे क्रियापद योजणे कठीण नव्हते. कोलंबियातील प्रकल्प २०११ मध्ये संपला आणि 'सी-कर्मिट'ची मूळ संहिता सर्वांस खुली झाली. 'सेट' हे क्रियापद मात्र दोन्ही कामांसाठी तसेच राहिले.