शेजारी कोण? : ख्रिस्ती प्रीतीची एक कसोटी

देव प्रीतिस्वरूप आहे, माणसाने लायकी सिद्ध करण्यापूर्वीच त्याने त्याच्यावर प्रीती केली, म्हणून श्रद्धावंताने शेजाऱ्यावरही तशीच प्रीती करावी, ही ख्रिस्ती धर्माची मूळ धारणा आहे. ज्या समाजाने माणसाची किंमत जन्मावरून ठरविली, त्या समाजात हा विचार स्फोटकच म्हटला पाहिजे. मग येथे त्याचा स्फोट का झाला नाही?

मराठी बायबलाने ‘शेजारी’ हा शब्द योजला. आमच्या गावगाड्यात हा शब्द निरागस नाही. गावातली घरे एकमेकांची शेजारी. महारवाडा, मांगवाडा मात्र गावकुसाबाहेर. ज्याची भिंत गावाच्या भिंतीला लागू दिली नाही, तो शेजारी कसा होणार?

‘माझा शेजारी कोण?’ असे एका शास्त्र्याने येशूला विचारले. लूकच्या शुभवर्तमानात त्याचे उत्तर गोष्टीतून येते. लुटारूंनी अर्धमेला केलेल्या वाटसरूला टाळून याजक जातो, लेवीही जातो. यहुदी ज्यांना हीन लेखीत, त्यांच्यातला एक शोमरोनी थांबतो आणि जखमा बांधतो. आमच्याकडील प्रवचनांत बहुधा श्रोत्याला शोमरोन्याच्या जागी बसविले जाते आणि दलिताला रस्त्यावर पडलेल्या जखमीच्या जागी. मूळ कथेत नेमके उलट आहे. तेथे प्रीती करणारा हीन लेखलेला माणूस आहे आणि घेणारा दुसरा आहे. ही उलटापालट पुसली की प्रीतीची दया होते, आणि दयेला खाली कोणीतरी लागतोच.

वाशीमचे उदाहरण घेऊ. वाशीम जिल्हा १९९८ मध्ये अकोल्यातून वेगळा झाला. पण नाझरीन मंडळीचे येथील काम त्याच्या सहा दशके आधीचे. १९३० च्या दशकात ऑर्फा स्पायकर या अमेरिकन डॉक्टरबाईंनी येथे रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल उभे केले. ही मंडळी जॉन वेस्लीच्या परंपरेतली. पवित्र जीवन म्हणजे परिपूर्ण प्रीती, ही तिची शिकवण. अंगाला हात लावल्याशिवाय दवाखाना चालत नाही, आणि स्पर्शाचाच विटाळ मानणाऱ्या समाजात या हाताचे मोल कमी लेखणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु बरा झालेला रोगी परततो तो त्याच गावाच्या त्याच पाणवठ्यावर. सेवेने जखम भरते. जखम करणारी व्यवस्था त्याने हटत नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतरित ख्रिस्ती समाजाच्या स्थितीवरील लेखात हेच बोट ठेवले आहे. मिशनांच्या शिक्षण व वैद्यकीय कार्याचे श्रेय त्यांनी नाकारले नाही. धर्मांतरानंतर जात गेली काय, हा त्यांचा प्रश्न होता. माणसाचे दुःख त्याच्या पापात शोधणारी शिकवण समाजाच्या अन्यायावरून त्याची नजर हटविते, हेही त्यांनी दाखविले.

उत्तराची वाट ख्रिस्ती ग्रंथातच आहे. योहानाच्या शुभवर्तमानात येशू विहिरीवर शोमरोनी बाईकडे पाणी मागतो. तो तिला पाणी पाजीत नाही, तिच्या हातचे मागतो. चवदार तळ्याचा १९२७ चा संगर ज्यांच्या स्मरणात आहे, त्यांना या मागण्याचा अर्थ सांगावा लागत नाही. मराठीत लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त तो प्रत्यक्ष जगलेला दिसतो. पती ख्रिस्ती झाल्यावरही सोवळे सांभाळणाऱ्या या बाईंनी बाप्तिस्मा घेण्याआधीच जात टाकली आणि कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा निश्चय केला. या ग्रंथातले खरे धर्मांतर मला तेथे दिसते. बाप्तिस्मा त्याची नोंद आहे.

म्हणून ‘तू किती दिलेस?’ हा प्रीतीचा प्रश्न अपुरा आहे. ‘तू कोणाच्या हातचे घेतलेस, कोणाच्या घरी लेक दिलीस?’ हे विचारले पाहिजे. हा प्रश्न केवळ चर्चला नाही. प्रीती, करुणा, मैत्री यांचा उच्चार करणाऱ्या प्रत्येकाला, आपणा सर्वांना, तो लागू आहे.